वहिनीच्या हातानं सुरू होणारी गाडी

दादाचं लग्न झालं आणि त्याची सुट्टी संपली. जाताना तो घरात दोन नव्या गोष्टी ठेवून गेला, एक सून आणि एक मोटारसायकल, असं आबा पुढं कितीतरी दिवस आल्यागेल्याला सांगायचे. दोन्हींची सवय व्हायला आम्हाला वेळ लागला. आमचं गाव कडेगावच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस. पहाटे म्हशीच्या धारा बादलीत पडायला लागल्या की मला जाग यायची, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी आबांची जुनी गाडी. ती गाडी सुरू करणं हा एक सोहळाच होता. आबा ती एका अंगाला कलंडवायचे, चोक ओढायचे, किकवर उभे राहून तिच्या आईबापाचा उद्धार करायचे, आणि मग ती खोकत सुरू व्हायची. त्यात त्यांचा गुडघा गेला. म्हणून दादानं नवी घेतली, काळी, टाकीवर लाल पट्टा असलेली. तिला किकच नव्हती. नुसतं बटण दाबायचं.

"किक न्हाई ती गाडी कसली रं?" आबा म्हणाले होते. "उद्या बटण मेलं तर मानसानं काय करायचं?"

"आबा, बटण मरत न्हाई," दादा म्हणाला आणि पलटणीत निघून गेला.

वहिनीचं माहेर मलकापूरचं, कऱ्हाडला लागून. वडिलांची पिठाची गिरणी, घर हमरस्त्याला चिकटून. जन्मभर ट्रकच्या आवाजात झोपलेली ही मुलगी आमच्याकडं आली आणि शांततेमुळं तिला झोप लागेना. मला ते फार नवलाचं वाटलं होतं. ती फारसं बोलायची नाही. मला 'वन्सं' म्हणायची, तेही जरा थट्टेनं, कारण मी बारावीत होते आणि ती माझ्याहून फार मोठी नव्हती. आईला ती 'आत्ती' म्हणायची, आबांना 'मामा'. सकाळी गोठ्यातलं शेणकूर झालं की एक जुनं धोतर घेऊन ती दादाची गाडी पुसायची. ते काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. टाकी, चाकं, आरसे, सगळं सावकाश पुसायची. आई चुलीपाशी बसून हुलग्याचं माडगं ढवळत तिच्याकडं बघायची आणि काही बोलायची नाही. माझ्या आईचं न बोलणं दोन तऱ्हेचं असायचं. हे पहिल्या तऱ्हेचं होतं, मायेचं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी गाडी सुरू होईना. आबांनी दुधाचा कॅन मागं अडकवला, टांग टाकून बसले, गाडी सरळ केली, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. घरघर नाही, खरखर नाही. त्यांनी दिवा लावून बघितला, दिवा लख्ख लागला. हॉर्न वाजवला, तो इतक्या जोरात वाजला की पाहुणे आले समजून आई पदर सावरत बाहेर आली. आबा गाडीवर तसेच बसून राहिले. "दिवा लागतोय, हॉर्न वाजतोय," ते म्हणाले, "मग हिला झालंय काय?" शेवटी गल्लीतल्या माणसांनी ढकलली, दुसऱ्या गेअरमध्ये क्लच सोडला, आणि गाडी मुकाट्यानं सुरू झाली.

डेअरीत दूध घालून आबा तसेच कडेगावला दिलीप फिटरकडं गेले. त्यानं गाडी स्टँडवर लावली, शेजारी उभ्याउभ्या बटण दाबलं आणि ती लगेच सुरू झाली. तीनतीनदा बंद करून सुरू केली. "आबा, कशाला आलाय?" तो म्हणाला. आबा घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दिलीपनं बॅटरी बदलली, मग प्लग बदलला, मग एक फ्यूज. प्रत्येक वेळी गाडी त्याच्याकडं सुरू व्हायची आणि आमच्या अंगणात रुसायची. गावात ज्याला विचारावं त्याच्याजवळ उत्तर होतं. कॅनच्या वजनानं दाबली जात असंल. ओल धरली असंल. आबांच्या हाताला घाम लय. शेजारच्या अक्काताईंनी हँडलला लिंबू बांधायला लावलं. लिंबू वाळून सुपारीएवढं झालं तरी काही फरक पडला नाही.

असंच एकदा गाडी सुरू होईना, तेव्हा आबा वैतागून खाली उतरले, ती स्टँडवर कलती करून लावली आणि ढकलायला माणसं गोळा करायला गेले. चावी तशीच चालू होती. वहिनी धोतर घेऊन गाडी पुसत होती. पुसता पुसता तिनं सहज बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

आई पिठाच्या हातानं बाहेर आली. आबा रस्त्यातूनच परत फिरले. बंद करून आबांनी बसून पुन्हा बघितलं, सुरू झाली नाही. वहिनीला दाबायला सांगितलं, झाली. मग मी बसून बघितलं. माझ्याही हातानं झाली नाही. आईच्या तोंडावर जे हसू आलं ते मी त्याआधी दादाच्या लग्नात तेवढं बघितलं होतं. "सुनंचा पायगुण हाय," ती म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरचा नेमच झाला. आबा कॅन अडकवायचे आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारायचे, "पोरी, हात लाव गं." वहिनी तव्यावरची भाकरी उतरवून यायची. तिला जड गाडी तोलून धरता यायची नाही, म्हणून गाडी स्टँडवरच असायची. ती डाव्या अंगाला उभी राहून, हँडल आपल्याकडं ओढून, बटण दाबायची. गाडी सुरू झाली की आबा बसायचे आणि जायचे.

आता हे लिहिताना मला हसू येतं. कारण मी विज्ञान शाखेला होते. वायरीतून वीज कशी जाते ते मला तोंडपाठ होतं, परीक्षेत आकृतीला पूर्ण गुण मिळाले होते. पण ती वीज पुस्तकातली होती आणि ही गाडी आमच्या अंगणातली. दोघींचा काही संबंध असेल असं माझ्या मनात आलं नाही. मला वहिनीचा अभिमान वाटायचा, बस. दूध न्यायला आलेल्या बायकांना मीच रंगवून सांगायचे. अक्काताईंनी नवीन बोअरवर मोटार बसवली तेव्हा त्या वहिनीला बोलवायला आल्या. वहिनीनं बटण दाबलं, पाणी आलं, नारळ फुटला, आणि तिची खणानारळानं ओटी भरली. परत येताना ती अगदी गप्प होती. लाजली असेल, असं मला वाटलं.

दिवाळी झाली. ऊसतोडी सुरू झाल्या, रस्ता पाचटानं भरून गेला, घराघरांतून काकवीचा वास यायला लागला. दादाचा फोन दर रविवारी यायचा. माजघरातल्या फळीवर क्रोशाच्या रुमालाखाली फोन असायचा आणि रविवारी आई त्याच्या आसपासच कामं काढायची. एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. तो कुठं बर्फात होता एवढंच आम्हाला माहीत होतं, गावाचं नाव त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आणि त्याच सुमाराला एका सकाळी आबांनी हाक मारली, वहिनी आली, तिनं बटण दाबलं, आणि गाडी सुरू झाली नाही. तिनं पुन्हा दाबलं. हात पदराला पुसून पुन्हा दाबलं. आबा म्हणाले, "असू दे, असू दे. ढकलू." आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण हे न बोलणं दुसऱ्या तऱ्हेचं होतं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते मला आजही नीट कळत नाही. कोणी कोणाला टाकून बोललं नाही. फक्त आई एक दिवस म्हणाली, "इरजण मी लावते आज." मग रोजच ती लावू लागली. म्हशीला आंबोण घालायचं वहिनीचं काम माझ्याकडं आलं. आबांची हाक बंद झाली, ते सकाळी गुपचूप गाडी रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचे. मग अक्काताईंची मोटार जळाली. त्या येऊन आमच्या पायरीवर बसल्या आणि आत बघत म्हणाल्या, "चांगल्या हातानं चालू केलेली मोटार अशी जळती व्हय?" आत वहिनी भाकरी भाजत होती. भाकरी करपल्याचा वास माजघरापर्यंत आला तरी तिनं ती उलटली नाही.

मी गोंधळून गेले होते. हात तोच, माणसं तीच. काल ओटी भरणाऱ्या बाई आज पायरीवर बसून असं बोलत होत्या, आणि माझ्या आईला, जिनं आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाही, त्यांना गप्प करता येत नव्हतं. आईला भीती दादाच्या जिवाची होती. पण भीती दादाची असली तर ती वहिनीलाही होतीच की. उलट तिला तर रडायचीसुद्धा सोय नव्हती. ती रडली असती तर तेही अपशकुनात गेलं असतं.

फोन आला तो आडवारी, दुपारी. आईनं धावत जाऊन उचलला आणि नुसतं "बाळा, बाळा" म्हणत राहिली. बर्फानं लाईन तुटली होती, आणि तो वरच्या चौकीवर होता, एवढंच. आबा बोलले, मी बोलले, मग रिसीव्हर वहिनीकडं दिला आणि आम्ही रीत म्हणून बाजूला झालो. म्हणजे दारापर्यंत. वहिनीनं रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. आता ती रडणार असं मला वाटलं.

"तुमी बरं हाय न्हवं?" ती म्हणाली. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "मग आता ऐका. गाडी सेल्फ घेत न्हाई. काय काय बघायचं ते मला सांगा."

दादाला काही कळेना. इतक्या दिवसांनी बायकोशी बोलायला मिळालं आणि ती गाडीचं विचारत होती. "अगं दिलीपकडं टाका की," तो म्हणाला असावा, कारण वहिनी म्हणाली, "त्यांच्याकडं ती चालू हुती. हितं व्हत न्हाई. तुमी सांगा, मी बघते." तिचा आवाज मी एवढा ठाम पहिल्यांदा ऐकला. मग तो सांगू लागला. मला अंगणात पिटाळण्यात आलं. वहिनी माजघरातून ओरडायची आणि मी गाडीपाशी उभी राहून उत्तर द्यायची, आणि गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन ऐकायची.

"बटण दाबल्यावर लाईट बारीक हुती का विचारत्यात."

"न्हाई, हाय तशीच ऱ्हाती."

"शिटाखाली कान लावा. टक् वाजतंय का?"

मी सीटला कान लावला. काही वाजलं नाही. तसं सांगितल्यावर पलीकडं चर्चा सुरू झाली. दादाच्या मागं फोनसाठी रांग होती आणि रांगेतल्या सगळ्यांनाच गाड्यांतलं कळत होतं. एकानं तर रिसीव्हरच घेतला. "भाभीजी, पहले न्यूट्रल कीजिए," असं काहीतरी तो सांगू लागला आणि वहिनी गंभीरपणे "जी, जी" म्हणत राहिली. शेवटी दादानं घाईघाईनं सांगितलं ते असं. सीटखाली काडेपेटीएवढी एक डबी असते, तिला दोन जाड वायरी आणि दोन बारीक. गाडी न्यूट्रल करून जाड वायरींचे दोन स्क्रू पान्यानं एकमेकांना जोडायचे. इंजिन फिरलं तर बॅटरी आणि सेल्फची मोटार चांगली. मग बारीक वायरीला एक बल्ब लावायचा आणि बटण दाबायचं. लागला तर डबी गेली. नाही लागला तर बटणापासून डबीपर्यंतची वायर बघायची. लाईन कट झाली. वहिनीनं रिसीव्हर ठेवला, आणि मग ती तिथंच फळीला टेकून भरपूर रडली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तरी संध्याकाळचं विरजण आईनंच लावलं.

दुसऱ्या दिवशी आबा फडावर गेल्यावर आम्ही दोघींनी गाडी गोठ्याच्या सावलीत ओढली. पहिल्यांदा पाना लावला तेव्हा अशी ठिणगी उडाली की मी थेट कडब्याच्या गंजीमागं गेले. वहिनीनं डोळे मिटून पुन्हा लावला आणि इंजिन सुरू झालं. म्हैस दावं ओढायला लागली. "मंजी गाडी चांगली हाय," वहिनी म्हणाली. मग जुन्या गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब काढला. त्याला दोन वायरी बांधल्या, एक बारीक वायरीला लावली, दुसरी गाडीच्या सांगाड्याला. मी गाडीवर बसून बटण दाबलं. बल्ब लागला नाही. पुन्हा दाबलं, नाही. मी कंटाळून हँडलवर रेलले, आणि वहिनी म्हणाली, "आत्ता लागला हुता. काय केलंसा?"

"काय न्हाई."

"कायतरी केलंसा, वन्सं."

मी काही केलं नव्हतं. मी पुन्हा दाबलं, बल्ब विझलेलाच. मग आम्ही सगळं एकेक करून बघितलं. क्लच दाबून, क्लच सोडून, ब्रेक धरून. शेवटी मी खाली उतरायला म्हणून हँडल पार डावीकडं वळवलं, अंगठा बटणावरच होता, आणि तो एवढासा नारिंगी बल्ब वहिनीच्या बोटांत लागला. हँडल सरळ केलं, विझला. डावीकडं, लागला. कितीतरी वेळ आम्ही तेच करत बसलो. वहिनी हळूहळू शेणानं सारवलेल्या जमिनीवर खाली बसली.

"मी खाली हुबी ऱ्हायची," ती म्हणाली. "हँडल माझ्याकडं वळल्यालं असायचं. मामा बसून सरळ करायचं. दिलीपभाऊ पण स्टँडवरच लावायचं."

हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा होता, त्याच्यावरची काळी चिकटपट्टी तिनं उकलली. वरून एकही वायर तुटलेली दिसेना. तिनं एकेक वायर चिमटीत धरून हळूच ओढली, आणि त्यांतली एक रबरासारखी लांबली. वरचं आवरण शाबूत होतं आणि आतली तार तुटलेली. हँडल वळलं की आतली टोकं एकमेकांना शिवायची. पुढं पुढं टोकं झिजली तशी थोडक्या वळणावर भागेना, पार टोकापर्यंत वळवावं लागायला लागलं, म्हणून वहिनीच्याही हातानं गाडी सुरू होईना. तिनं ती वायर तोडली, दातानं सोलली, पीळ दिला आणि चिकटपट्टी गुंडाळली. मी हँडल सरळ धरून बटण दाबलं. सीटखाली टक् वाजलं आणि गाडी सुरू झाली.

आवाजानं आई मागच्या दारातून आली. तिनं आधी गाडीकडं बघितलं, मग सुनेकडं, आणि तिचा चेहरा उजळायला लागला. मला तो उजळताना दिसला. नेमकं तेव्हाच वहिनीनं तुटक्या वायरीचा तुकडा तिच्यापुढं धरला. "आत्ती, हे बघा. तार आतनं तुटली हुती. हँडल वळलं की लागायची."

आईनं तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला. "मंजी तुझा हात न्हवताच तर," ती म्हणाली.

"न्हवताच."

आई आत गेली. तिला आनंद झाला नव्हता आणि रागही आला नव्हता. हातातलं काहीतरी कोणी काढून घेतल्यासारखी ती दिसत होती. मला वहिनीचा फार राग आला. ती नुसती गप्प बसली असती तर तिचा हात पुन्हा चांगला ठरला असता, अक्काताईंचं तोंड बंद झालं असतं. संध्याकाळी शेंगा फोडताना मी तिला तसं म्हटलंही.

"आज चालू झाली म्हणून हात चांगला," ती शेंगा फोडतच म्हणाली. "परत बंद पडली म्हंजे? तुमच्या दादांचा फोन परत न्हाई आला म्हंजे? मला न्हाई पेलायचं, वन्सं, एवढं."

मला ते तेव्हा पटलं नाही, कळलंही नाही. कळलं ते माझं लग्न झाल्यावर. मी सासरी गेले त्याच आठवड्यात त्यांची म्हैस व्याली, रेडी झाली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पायगुणाचं कौतुक केलं. सगळे हसत होते, मीही हसले, आणि मला वहिनीचं ते 'न्हाई पेलायचं' आठवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आवं, म्हैस माझ्या आधीपासनं गाभण हुती." त्यांना ते आवडलं नाही. बराच काळ आवडलं नाही.

त्याआधी, बारावीनंतर, मी सांगलीला शिकायला गेले, वसतिगृहात राहू लागले. मधल्या काळात वहिनीनं आबांकडून कालव्याच्या रस्त्यावर गाडी शिकून घेतली होती. पहिल्यांदा गावातून गेली तेव्हा लोकांनी माना वळवल्या, मग कामाला लागले. एका सकाळी मला निरोप आला की कोणी भेटायला आलंय. फाटकाबाहेर वहिनी गाडीवर, आणि मागं एका अंगाला बसलेली माझी आई, मांडीवर डबा घट्ट धरून, एवढ्या लांबचा रस्ता तशीच. आम्ही कृष्णेच्या घाटावर बसून शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि हरभऱ्याची भाजी खाल्ली. आईनं हळदीच्या पेठेत हळद घेतली, दुकानदाराशी यथेच्छ वाद घातला. मग त्या निघाल्या. वहिनीनं गाडी सरळ केली, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. मागं रिक्षावाले हॉर्न द्यायला लागले, दोनचार माणसं थांबून बघायला लागली. मी गाडीकडं बघितलंच नाही, आईच्या तोंडाकडं बघत होते. आईनं हळदीची पिशवी माझ्याकडं दिली.

"पेट्रोल बघ गं आदी," ती म्हणाली.

"हाय की, आत्ती."

"हँडल वळवून बघितलंस?"

"बघितलं. तेबी न्हाई."

"मग बस तू वर. आमी ढकलतो."

आणि माझ्या आईनं भर पेठेत पदर कमरेला खोचला, गाडीला मागून दोन्ही हात लावले, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बघत काय हुबी ऱ्हायलीस?" आम्ही दोघींनी ढकलली. हळदीच्या पोत्यांमधून, रिक्षांमधून, आईच्या चपलेचा अंगठा तुटला तरी ढकलली. वहिनीनं क्लच सोडला, गाडी हिसका देऊन सुरू झाली आणि ती पार चौकापर्यंत गेली. त्या दिवशी गाडीला काय झालं होतं ते कोणालाच सापडलं नाही. दिलीपला नाही, सुट्टीवर आलेल्या दादालाही नाही, आणि पुन्हा तसं कधी झालंही नाही.

आई रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती. चौकात वहिनी गाडी वळवत होती.

"तिला सांग, बंद करू नको म्हणावं," आई म्हणाली. "मी चालत्या गाडीवर बसते."